मासिक पाळी आणि रक्तदान : नियम आणि कारणे

रक्तदान शिबिरात नाव नोंदवणाऱ्या महिलांना मासिक पाळीविषयी विचारणा केली जाते आणि पाळी सुरू असल्यास त्यांना काही दिवसांनी येण्यास सांगितले जाते. या काळातील रक्त ‘अशुद्ध’ असते, हा समज त्यामुळे अधिकच दृढ होतो. वैद्यकशास्त्रात मात्र त्याला कोणताही आधार नाही. दानाचे रक्त हाताच्या शिरेतून घेतले जाते आणि पाळीमुळे ते रुग्णासाठी अयोग्य ठरत नाही.

भारतातील नियम

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०१७ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सुरू असेपर्यंत रक्तदान पुढे ढकलावे लागते. ही मनाई तात्पुरती असते. प्रसूतीनंतर १२ महिने, गर्भपातानंतर ६ महिने आणि स्तनपानाच्या संपूर्ण काळातही महिलांना रक्तदान करता येत नाही. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९०, तर महिलांसाठी १२० दिवसांचे अंतर आवश्यक आहे.

ब्रिटन आणि अमेरिकेत मात्र प्रकृती ठीक असल्यास व हिमोग्लोबिन पुरेसे असल्यास पाळीच्या दिवसांतही रक्त स्वीकारले जाते.

खरा प्रश्न लोहाचा

एका पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव अतिस्राव मानला जातो. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ३५० मिलिलिटर रक्तासोबत शरीरातील सुमारे १५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. दर महिन्याला लोह गमावणाऱ्या महिलांना ही तूट भरून काढण्यास अधिक अवधी लागतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के आहे. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते. त्यामुळे अनेक इच्छुक महिलांना पाळी नसतानाही परतावे लागते.

काय करावे?

पाळी संपल्यानंतर, पोटभर जेवण व पुरेसे पाणी घेऊन रक्तदानास जावे. तपासणीवेळी खरी माहिती द्यावी. अतिरक्तस्राव, चक्कर किंवा सतत थकवा जाणवत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिमोग्लोबिन कमी आढळल्यास नकार मिळाला म्हणून विषय तेथेच न सोडता त्यावर उपचार घ्यावेत. अनेक महिलांना आपल्या रक्तक्षयाची जाणीव प्रथमच अशा तपासणीत होते.