कोल्हापुरी गुळाची वाट

आपल्या घरांतील नैवेद्याच्या वाटींत जो गुळाचा खडा असतो, त्यामागें शेतकरी, कारागीर आणि व्यापारी या तिघांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तोडलेल्या उसाचा रस फार दिवस चांगला राहत नाहीं. शिवाय ऊस वजनाला जड. म्हणून शेताजवळच गुऱ्हाळ उभें राहिलें. शंभर मण उसाचा सुमारें दहा-अकरा मण गूळ होतो. वजन घटतें, परंतु टिकाऊपणा व मोल हीं दोन्ही वाढतात. ही किमया गुळव्याच्या हातीं असते. रानभेंडीच्या चिकानें मळी वर आणावयाची, चुलवाणांत चिपाडें घालणाऱ्या जळव्याला जाळ राखावयास सांगावयाचें, आणि पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी वळते कीं नाहीं, हें बोटांनीं ओळखावयाचें. उशीर झाला तर गूळ करपतो. घाई झाली तर ढेप बसत नाहीं.

परंतु चांगला माल आणि चांगला भाव यांच्यामध्यें बाजार असतो. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १८९५ सालीं शाहूछत्रपतींनीं शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. खेड्यांतून बैलगाडीनें आलेली ढेप येथें सौद्यास लागे, अडत्यामार्फत विकली जाई, आणि पुढें गुजरातेपर्यंत पोहोंचे. गुऱ्हाळाला दूरच्या गिऱ्हाइकाचें दार उघडलें तें असें.

तथापि पेठ झाली म्हणजे न्याय झाला, असें नव्हे. ज्याच्याकडून उचल घ्यावयाची, त्याच्याच हातीं माल द्यावयाचा; मग भावाविषयीं शेतकऱ्यानें बोलावें कसें? उघड लिलाव आणि चोख वजन यांकरितां मुंबई प्रांतांत १९३९ सालीं शेतमाल-बाजाराचा कायदा झाला. कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं त्या प्रांतांत विलीन झालें.

२०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाचें रक्षण कायदा करील. गुणाचें रक्षण मात्र गिऱ्हाइकाकडे आहे. आपण पिवळाधमक रंगच मागत राहिलों, तर रंग उजळविणारी भुकटी काहिलींत पडणारच, आणि रानभेंडीनें मळी काढणारा प्रामाणिक गुळव्या मागें पडेल. तेव्हां गूळ घेतांना रंग पाहून भुलूं नये. किंचित् काळसर खडा जिभेवर ठेवून पाहावा. बाजार अखेर आपल्याच स्वयंपाकघरांत येऊन थांबतो.