घारापुरीचा हरवलेला शिलालेख

१/ मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेटावरील शैव लेण्यात त्रिमुखी सदाशिवाची सुमारे साडेपाच मीटर उंच मूर्ती आहे. हे लेणे कोणी खोदविले?

२/ तिथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठविला, असे त्यांचाच इतिहासकार दियोगु दो कौतू नोंदवितो. पुढे तो हरवला.

३/ बेटावर मात्र कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली. ती कारागिरांच्या मजुरीची असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्यावरून लेण्याचा काळ सहावे शतक मानला जातो.

४/ म्हणून मित्रहो, लेण्यांत वा गडांवर आढळलेले नाणे, खापर खिशात घालू नका. जागा सुटली की त्याची साक्षही संपते.