घमेल्यातला बुडबुडा आणि हेलियम

बुलढाण्यातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे पाण्याचे घमेले असतेच. हवा भरलेली ट्यूब त्यात बुडवली की भोक कुठे आहे ते बुडबुडे सांगतात. पण भोक फारच बारीक असेल तर? हे गणित वर्गात जरूर करवून घ्यावे. १ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात सुमारे ०.०००५ घनसेंमी हवा मावते. गळती सेकंदाला १ घनसेंमीच्या दहा लाखाव्या भागाइतकी असेल, तर एक बुडबुडा तयार व्हायला आठ-नऊ मिनिटे लागतील. गळती आणखी हजारपट कमी असेल, तर जवळजवळ सहा दिवस! तोवर ती हवा पाण्यातच विरघळून जाणार.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिज येथे युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हा हीच अडचण आली. तिथला युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू हवेतल्या बाष्पाशी लगेच अभिक्रिया करतो. म्हणून मैलोगणती नळ्यांचा प्रत्येक सांधा घट्ट हवा होता. आल्फ्रेड नीर यांनी या कामी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणुरेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र, वापरले. नळी आतून निर्वात करायची आणि सांध्यावर बाहेरून हेलियमचा फवारा सोडायचा. यंत्राला आत हेलियम सापडला की भोक तिथेच. हेलियमच का? तो कशाशी संयोग पावत नाही, आणि हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम ५ भाग असतो. त्यामुळे चाहूल लागली तर ती फवाऱ्याचीच.

जाता जाता, या हेलियमबद्दल आपल्याकडे सांगितली जाणारी एक कथा दुरुस्त करायला हवी. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे म्हणतात. प्रत्यक्षात त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते, आणि सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा त्यांनी तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅम्झी यांनी पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळवला होता.

धातूच्या टोपीखाली कायमचा बंद केलेला ट्रान्झिस्टर तपासायचा, तर त्याच्या आत नळी घालता येत नाही. बाष्प आत शिरले तर तो बिघडतो. म्हणून तो काही तास दाबाखालच्या हेलियममध्ये ठेवतात. भोक असेल तर हेलियम आत शिरतो. मग ट्रान्झिस्टर निर्वात पात्रात ठेवून हेलियम बाहेर येतो का ते यंत्राने पाहतात. गंमत अशी, की भोक चांगले मोठे असेल तर आत शिरलेला हेलियम तपासणीपूर्वीच निसटून जातो आणि सदोष ट्रान्झिस्टर चक्क पास होतो! म्हणून या चाचणीनंतर तोच ट्रान्झिस्टर गरम द्रवात बुडवतात आणि बुडबुडे येतात का ते डोळ्यांनी पाहतात.