मळीचा मद्यार्क आणि माहुलचा धडा

माहुल परिसरात १९५४-५५ मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. मुंबईला इंधन मिळाले. प्रदूषण माहुलच्या वाट्याला आले. २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. पिण्याच्या मद्याप्रमाणेच हे इथेनॉलही उसाच्या मळीपासून आसवनीत तयार होते. मात्र एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर गडद, आम्लधर्मी सांडपाणी उरते. ते नदीत गेले, की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. २००३ च्या केंद्रीय सनदेने हा विसर्ग २००५ अखेरपर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट ठरवले. या सांडपाण्यापासून बायोगॅस मिळतो. उरलेले आटवून बॉयलरमध्ये जाळता येते. हे न करणारी आसवनी ‘हरित इंधना’च्या नावाखाली नदीकाठी दुसरे माहुलच घडवते.