जेवायला कुठे जायचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकला निघालेल्या माणसाला नाशिककर आधी मिसळीचे ठिकाण सांगतो आणि मग काळारामाचे. रामकुंड, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर ही नावे ओघाने येतातच. पण त्याआधी, "सकाळी लवकर जा, नाहीतर रांग लागते," "तर्री वेगळी मागून घ्या," "येताना कोंडाजीचा चिवडा आणायला विसरू नका," अशा सूचनांची यादी पाहुण्याच्या हाती पडलेली असते. बुधा हलवायाची जिलेबी, सायंतारामधला साबुदाणा वडा, साधनाची चुलीवरची मिसळ, प्रत्येकाची यादी थोडी वेगळी. त्यावरून भांडणेही होतात आणि ती भांडणे मोठी चवीची असतात.

ही यादी सांगणे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते पूर्वापार चालत आले असावे असे वाटते. तसे ते नाही. "जेवायला कुठे जायचे?" हा प्रश्न नाशिकला येणारा माणूस शेकडो वर्षे विचारत आला. पण त्या प्रश्नाचा अर्थ मधल्या शे-सव्वाशे वर्षांत पार बदलला. पूर्वी त्याचा अर्थ होता, "आम्हाला कुठे चालेल?" आणि काहींच्या बाबतीत, "आम्हाला कोण देईल?" आज अर्थ आहे, "चांगले कुठे मिळते?" हा बदल कसा झाला, ते आज पाहू.

नाशिक हे क्षेत्र. गोदावरीत स्नान करायला, पितरांची कार्ये करायला देशभरातून लोक येत. गावात उतरताच पहिला प्रश्न पुढे येई, "कुठले? आडनाव काय?" हा प्रश्न क्षेत्रोपाध्यायांचा. त्यांच्या वह्यांमध्ये घराण्यांची नोंद असे. आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, कोणते कार्य केले, हे सारे गावाच्या आणि जातीच्या हिशेबाने लिहिलेले. नोंद सापडली की यात्रेकरूची सोय लागली. मुक्काम उपाध्यायांकडे किंवा धर्मशाळेत. जेवणही उपाध्यायांच्या घरी, नाहीतर आपला शिधा आपण रांधायचा. म्हणजे जेवणाची शिफारस होती, पण ती चवीची नव्हती. ती वंशावळीतून आलेली होती. आमटीला चव होती का, हे विचारायची रीत नव्हती. ती कोणाच्या हातची आहे, एवढे कळले की पुरे.

हे सोवळे किती पराकोटीला जाई, याचे चित्र मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त दाखवून ठेवले आहे. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचे सोवळे असे विलक्षण की बाजारातून आणलेल्या जिनसाही धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसत. पुढे १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी त्या पतीकडे राहायला गेल्या, तेव्हाही स्वयंपाक आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले होते. नंतर स्वतः विचार करून त्यांनी ते सोडले. दुसऱ्याच्या हातचे घेणे ही गोष्ट त्या काळी एखाद्या बुद्धिमान, धीट बाईलाही किती जड होती, हे त्यावरून दिसते.

आणि मग आली आगगाडी. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून लोहमार्ग इगतपुरीला पोचला आणि मुंबई-नाशिक हा दिवसांचा प्रवास तासांवर आला. नाशिक रोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. तेथून गावात यायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्रामही सुरू झाली आणि १९३० च्या सुमारापर्यंत ती चालली. आगगाडीने यात्रेकरूंची संख्या वाढवली, हे तर झालेच. पण तिने आणखी एक गोष्ट केली. जिथे कोणी कोणाला ओळखत नाही, वही नाही, उपाध्याय नाहीत, अशा फलाटावर भुकेला माणूस आणून उभा केला. मग फलाटावर हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे पाणी वेगळे, अशी व्यवस्था झाली. बहुतेक लोक घरून दशम्या, चटणी, भाजलेले दाणे बांधून घेत आणि परक्याच्या हाताकडे न पाहता प्रवास उरकत.

दशमी बांधून घेतली तरी पाणी कुठून आणायचे? ज्यांना फलाटावरच्या कोणत्याच हंड्यातून पाणी मिळत नसे, त्यांचा प्रवास कसा होत असेल? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. १९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा भीम, भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनावर मुले उतरली. जात कळली आणि गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. बरोबर घरचे भरपूर अन्न होते. पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरली टोपली जवळ असताना ती मुले उपाशी झोपली. प्रवासात कुठे खावे, या विषयाचा इतिहास लिहायचा तर त्यात ही रात्र आलीच पाहिजे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतून खानावळी आणि हॉटेले वाढली. 'हॉटेल' हा शब्द आपण मराठीत घेतला तोच खाण्याच्या जागेसाठी. राहण्याची सोय असो वा नसो, भजी मिळाली की ते हॉटेल. पण पाट्या पाहिल्या तर जुना प्रश्न तिथेही उभा. 'ब्राह्मणी खानावळ', 'मराठा खानावळ', 'हिंदू हॉटेल'. पाटी वाचली की आपण आत जायचे की पुढे, ते गिऱ्हाइकाला समजे. आणि अनेक गावांत दलित गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. पैसे तेच, चहा तोच, बशी मात्र त्याने स्वतः विसळून ठेवायची.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा पुढे काही वर्षे चालला आणि दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तो सत्याग्रह देवळासाठी होता, हे खरे. पण देऊळ, पाणवठा आणि हॉटेल ही एकाच कुलुपाची तीन दारे होती.

म्हणूनच २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद पुन्हा वाचण्यासारखा आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे जाण्यास अटकाव करता येणार नाही, असे तो सांगतो. देशाच्या घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख का आला, याचे एखाद्याला नवल वाटेल. मसूरच्या रस्त्यावरची रात्र आठवली की वाटणार नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यता हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा कायदा झाला. कायद्याने मन एका दिवसात बदलत नाही. १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, ती काही उगीच नव्हे. पण दार उघडले.

दार उघडण्यात एका साध्या गोष्टीचाही हातभार लागला. ती म्हणजे एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी गेली. पुढे तालुक्यातालुक्यात स्टँड झाले, स्टँडवर कँटीन आले. गाडी दहा मिनिटे थांबणार, तेवढ्यात चहा प्यायचा, वडा खायचा. शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, ते विचारायला वेळच कुठे होता! घाई ही कधी कधी मोठी समाजसुधारक असते.

आता मिसळीकडे वळू. मिसळ हा पदार्थच मुळी या बदलाचे अपत्य आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू, तिखटजाळ रस्सा आणि बरोबर पाव. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि सोवळ्यातल्या घरांनी तो कित्येक वर्षे उंबऱ्याच्या आत घेतला नाही. असा हा पदार्थ श्राद्धाच्या पानावर नाही, नैवेद्याच्या ताटात नाही. तो हॉटेलातच वाढला आणि हॉटेलातच खायचा. क्षेत्र म्हणून ज्या गावाची ओळख, त्या गावाची दुसरी ओळख या पदार्थाने व्हावी, हा मला फार मोठा बदल वाटतो. रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. "किती जण?" एवढाच प्रश्न असतो.

नाशिकचे पाहुणेही बदलले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या परिसरात सुला वाइनरी उभी राहिली. द्राक्षे आपल्याकडे आधीपासून होती, आता वाइन चाखायला लोक येऊ लागले. त्या आवारात 'लिटल इटली' नावाचे शाकाहारी इटालियन रेस्टॉरंटही निघाले. केवळ खाण्यापिण्यासाठी प्रवास करायचा, ही कल्पना गोदाकाठी रुजली ती अशी.

इटलीचे नाव निघालेच आहे, तर तिथली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. खाण्यासाठी प्रवास म्हटला की जगाला इटली आठवते. पण तीही मूळ यात्रेकरूंचीच भूमी. इ.स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना वाटेतल्या मुक्कामांची यादी करून ठेवतो. त्यात गावे आहेत, जेवणाबद्दल अक्षर नाही. देश एक झाला १८६१ मध्ये. १९३१ मध्ये तिथल्या टूरिंग क्लबने प्रांतोप्रांतीच्या पदार्थांची मार्गदर्शिका काढली. १९८६ मध्ये रोमच्या ऐन मध्यवस्तीत मॅकडोनाल्ड्स उघडले, तेव्हा त्याला विरोध झाला. त्याच काळात कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी उभारलेल्या चळवळीला पुढे 'स्लो फूड' हे नाव मिळाले. या मंडळींनी १९९० मध्ये एक पुस्तक काढले, त्यात ओस्तेरियांची माहिती दिली. ओस्तेरिया म्हणजे आपल्या खानावळीसारखी साधी, घरगुती जागा. निकष काय? जेवण त्या भागातले हवे आणि दर बेताचा हवा. झुंबरे नि पांढरे हातमोजे नसले तरी चालतील. मोडकळीला आलेल्या अनेक छोट्या जागांकडे या पुस्तकाने पुन्हा गिऱ्हाईक वळवले. शिफारशीत केवढी ताकद असते, ते इथे दिसते.

आपली मराठी मंडळीही आता मोठ्या संख्येने इटलीला जातात. सहल कंपन्यांनी तिथे वरण-भात आणि पुरणपोळीपर्यंत सोय केली, त्यामुळे कित्येक आजी-आजोबांना रोम पाहता आले. त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्याचा जो आहार, तो त्याने सांभाळावा. पण घरचे खाणे हवे असणे निराळे आणि दुसऱ्याचे खाणे वाईट मानणे निराळे. एवढे लक्षात ठेवले तर तिथल्या खानावळीतही ओळखीचे पुष्कळ भेटते. जिनोव्हाकडची फारिनाता म्हणजे बेसनाचे जाड धिरडेच. तोस्कानाची रिबोलिता म्हणजे शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून केलेला गरिबाघरचा पदार्थ. फोडणीची पोळी करणाऱ्या मराठी बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. शाकाहारी माणसाने एक मात्र विचारावे. पार्मेजान चीज वासराच्या जठरातले विरजण वापरून करतात, तेव्हा पानात काय येणार ते आधीच कळलेले बरे.

चांगली शिफारस अशीच असते. नुसते नाव सांगून ती पुरी होत नाही. काय मागायचे, केव्हा जायचे, कशाला नाही म्हणायचे, हे सगळे त्यात येते. इटलीत दुपारचे जेवण साधारण अडीचपर्यंत आटोपते आणि रात्री साडेसातच्या आधी चूल पेटत नाही, बिलात पावाचे-बैठकीचे म्हणून 'कोपेर्तो' नावाचे पैसे लावलेले असतात, हे सांगणारा मित्र खरा. तसेच मिसळ दुपारी तीनला खाऊ नका, सकाळीच खा, हे सांगणारा नाशिककरही खरा. अशी शिफारस करणारा आपली अब्रू पणाला लावत असतो. पदार्थ बिघडला तर पाहुणा हॉटेलवाल्याला नव्हे, आपल्याला बोलेल, हे त्याला ठाऊक असते.

२०२६-२७ चा सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरात आहे. देशभरातून माणसे येतील. आखाड्यांची अन्नछत्रे लागतील, हॉटेले भरतील, टपऱ्या उभ्या राहतील. त्यांतला कोणीतरी तुम्हाला रस्त्यात थांबवून विचारेल, "भाऊ, इथे चांगले जेवण कुठे मिळेल?" त्या वेळी त्याला तुमच्या आवडीची जागा सांगा. जमलेच तर चार पावले बरोबर जाऊन दाखवा. त्याचे आडनाव विचारायची काही गरज नाही.