‘जनरल’ आणि ‘सार्वजनिक’
१८८६ साली पुरी झालेली पुण्याची मंडई आज महात्मा फुल्यांच्या नावे ओळखली जाते. नगरपालिकेचे सभासद असता (१८७६-८२) जोतीरावांनी मात्र याच बांधकामास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. मंडईजवळच, बुधवार पेठेत, पुणे नगर वाचन मंदिर आहे. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने निघालेली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ ती हीच. परंतु या ‘जनरल’मध्ये वर्गणीदार तेवढा अभिप्रेत होता; भाजीवालीचे मूल त्या अर्थकक्षेबाहेरच राहिले. सयाजीरावांनी १९१० पासून बडोद्यात विनाशुल्क ग्रंथालये उभारली, मुलांसाठी निराळे दालनही ठेवले. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने अनुदान दिले, ग्रंथालय-कर बसविला नाही. परिणामी ‘सार्वजनिक ग्रंथालय’ या संज्ञेत वर्गणी अद्यापि दडलेली असून बालवाचकाला ती बहुधा दाराशीच भेटते.