प्रिन्स एडवर्डच्या बंद शाळा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, हे ज्ञातिबांधवांस विदित आहेच. परंतु दास्य गेल्यावरही तेथील कृष्णवर्णीयांस मुलांच्या शाळेसाठी किती झगडावे लागले, हा वृत्तांत आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड हा तंबाखू पिकविणारा परगणा. तेथील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीयांसाठी मोटन हायस्कूल होते. १९३९ साली १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या शाळेत १९५१ पर्यंत साडेचारशेवर विद्यार्थी झाले. तेव्हा आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपट्या उभारून त्यांत वर्ग भरविण्यात आले. पावसात त्या गळत. थंडीत शेगडीजवळचा विद्यार्थी भाजून निघे आणि दूरचा कोट घालून कुडकुडत बसे. अखेर २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या अवघ्या १६ वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्यांस सभागृहात जमवून संप पुकारला, तोही वडीलधाऱ्यांस न विचारता! त्यातून उद्भवलेला दावा ‘ब्राउन’ खटल्यात समाविष्ट झाला व १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविली.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु १९५९ साली मुलांस एकत्र बसविणे अटळ झाले, तेव्हा परगण्याच्या कारभाऱ्यांनी शाळांस पैसाच मंजूर केला नाही. सर्व सरकारी शाळांस टाळे लागले, ते पाच वर्षे. गोऱ्या मुलांसाठी तत्काळ खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीयांची सुमारे १७०० मुले मात्र उघड्यावर पडली. ज्यांना ऐपत होती वा ज्यांचे आप्त परराज्यात होते, त्यांनी मुले तिकडे धाडली. ज्यांना दोन्ही नव्हते, त्यांची मुले शेतात राबू लागली. काहींस चर्चच्या तळघरात भरणाऱ्या वर्गांत थोडेफार लिहिणे-वाचणे मिळाले, इतकेच. टाळे सर्वांस सारखे होते, पण त्याचा भार गरिबाच्याच मुलावर पडला. वसतिगृहाच्या आधाराने शिकलेल्या आपल्यातील कित्येकांस याचे मर्म सांगावयास नको.

२५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परगण्याविरुद्ध निकाल दिला आणि त्या वर्षी शाळा उघडल्या. १९५९ साली पहिलीत बसावयाचे मूल तोवर अकरा वर्षांचे झाले होते. मोठी मुले कामधंद्यास लागली होती. त्यांतील बहुतेक परतली नाहीत. २००४ साली व्हर्जिनिया राज्याने या वंचितांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा ती ‘मुले’ नातवंडे खेळविण्याच्या वयाची होती.